बेरजेच्या आत, बेरजेच्या बाहेर

गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्या प्रत्येक उत्पादकाची संगणकात एक ओळ तयार होते. सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, लॅक्टोमीटरची डिग्री, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी या ओळींची बेरीज होऊन दुधाचा पगार निघतो. एकेक ओळ अगदी साधी असते. कस लागतो तो ओळींचे गट पाडून त्यांतून एकच आकडा काढताना. गावाची सरासरी फॅट किती? या रूटवर महिन्यात किती किलो फॅट आली? तालुक्याचा एसएनएफ मागच्या वर्षीपेक्षा घसरला का? पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत हे रिपोर्ट सांभाळण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या आकड्यांमागची सूत्रं बीजगणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यांना सरळ रूप देणं हा त्यातला मला सगळ्यात जास्त समाधान देणारा भाग.

सूत्रं कशी होती ते सांगते. रिपोर्ट वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले. कुणी लिटरचे किलो करून मग सरासरी काढलेली, कुणी फॅटला आधी शंभरानं भागून शेवटी शंभरानं गुणलेलं, कुणी गायीचं आणि म्हशीचं वेगळं काढून पुन्हा एकत्र केलेलं. एका क्वेरीत कंसाच्या आत कंस, त्याच्या आत ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’, आणि त्या सगळ्याभोवती बेरीज. एकच ‘सरासरी फॅट’ तीन रिपोर्टमध्ये तीन तऱ्हांनी काढलेली. दोन आकडे जुळायचे, तिसरा जुळायचा नाही. तिसऱ्याचं कारण सरळ होतं: तिथे ओळींच्या फॅटची थेट सरासरी घेतली होती. एकानं २ लिटर दूध घातलं आणि फॅट ६.० लागली, दुसऱ्यानं १८ लिटर घातलं आणि ३.५ लागली, तर थेट सरासरी ४.७५ येते. पण दोघांचं दूध एका कॅनमध्ये ओतलं तर त्या वीस लिटरला फॅट लागते ३.७५. लिटरनं गुणून मग लिटरनं भागायला हवं, हे संस्थेतला प्रत्येक जण जाणतो.

मला प्रश्न पडला होता तो जुळणाऱ्या दोघांचा. ते नेहमीच जुळतील, की फक्त आतापर्यंतच्या आकड्यांवर जुळले? आकडे घालून याचं उत्तर मिळत नाही. कितीही महिन्यांचा डेटा तपासला तरी पुढच्या महिन्याची खात्री देता येत नाही. त्यासाठी आकड्यांच्या जागी अक्षरं लागतात, आणि अक्षरांचा हिशेब पानभर लांब असला की तो हातानं करण्यात अर्थ नसतो.

मी सिमपाय वापरते. पायथन भाषेतली ही मोफत मिळणारी लायब्ररी. ओंद्रेय चेर्तिक यांनी २००५ साली ती लिहायला घेतली आणि पुढे जगभरच्या शेकडो जणांनी वाढवली. गूगल समर ऑफ कोडच्या निमित्तानं तिला हात लावलेले भारतीय विद्यार्थीही त्यात पुष्कळ आहेत. अक्षरांचं बीजगणित करणाऱ्या प्रोग्रॅमची परंपरा मात्र याहून बरीच जुनी आहे. एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या एका मोठ्या प्रकल्पाचा वंशज ‘मॅक्सिमा’ या नावानं आजही मोफत मिळतो. या प्रोग्रॅममध्ये ‘ल’ म्हटलं की तो ‘ल’च राहतो, त्याची किंमत कुणी विचारत नाही. कंस सोडव म्हटलं की सोडवतो, अवयव पाड म्हटलं की पाडतो. पायथनमध्ये चलांची नावं देवनागरीतही चालतात, म्हणून मी लिटरला ल, फॅटला फ, डिग्रीला ड अशीच नावं दिली. ही सूत्रं पुढे संस्थांचं दूध घेणाऱ्या दूध संघाच्या हिशेबनिसांना आणि संस्थांच्या सचिवांना दाखवायची होती, आणि त्यांना ती वाचता यायला हवी होती.

पहिली राशी किलोवाल्या रिपोर्टची. बेरीज(क×ल×फ) भागिले बेरीज(क×ल). इथे क म्हणजे लिटरचे किलो करण्याचा गुणक, क्वेरीत १.०३ असा लिहिलेला. ‘क’ ओळीगणिक बदलत नाही असं सांगितल्यावर तो वरच्या बेरजेतून बाहेर आला, खालच्या बेरजेतून बाहेर आला आणि उडून गेला. उरलं बेरीज(ल×फ) भागिले बेरीज(ल). म्हणजे दुसऱ्याच रिपोर्टचं सूत्र. दोन रिपोर्ट कायमचे एक आहेत हे ठरलं आणि त्यातला एक मी काढून टाकला.

एक सवय इथेच लावून घेतली. दोन राशी सारख्या आहेत का हे पाहायला मी ‘सिम्प्लिफाय’ या आज्ञेवर विसंबत नाही. ती आज्ञा अनेक युक्त्या लावून पाहते आणि जे रूप तिला लहान वाटेल ते देते. तेच रूप मला उपयोगी असेल असं नाही. त्याऐवजी एका राशीतून दुसरी वजा करायची, कंस सोडवायचे, छेद एक करायचा आणि शून्य येतं का ते पाहायचं. रिचर्डसन या गणितज्ञानं १९६८ साली सिद्ध केलं की घातांकी फलन, साइन, केवल मूल्य असं सगळं मिसळलेल्या राशी शून्याइतक्या आहेत का हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. पण दुधाच्या हिशेबातल्या बहुतेक राशी म्हणजे बहुपदी किंवा बहुपदींचे भागाकार असतात आणि तिथे निकाल पक्का लागतो. आणखी एक: १.०३ असा दशांश न घालता तो १०३/१०० असा अपूर्णांक घालायचा. दशांश घातला की संगणक तो जवळपासच्या किमतीत साठवतो, आणि मग जिथे शून्य यायला हवं तिथे शेवटच्या अंकात काहीतरी बारीक कचरा उरतो.

पण मुळात ‘क’ स्थिर आहे का? डेअरीत काम केलेल्या कुणालाही विचारा. लॅक्टोमीटरची डिग्री २८ लागली तर एक लिटर दुधाचं वजन १.०२८ किलो, ३० लागली तर १.०३० किलो. म्हणजे गुणक असतो १ + ड/१०००, आणि ड प्रत्येक ओळीला वेगळी. १.०३ ही सोयीसाठी धरलेली किंमत. संघाला हिशेब काटेकोर हवा होता, म्हणून मी क च्या जागी १ + ड/१००० घातलं आणि पुन्हा सरळ रूप मागितलं. या वेळी काहीच उडालं नाही. ड ला ओळीचा क्रमांक चिकटलेला आहे, तो बेरजेबाहेर येऊ शकत नाही. कंस सोडवल्यावर बेरीज(ल×फ) च्या शेजारी एक नवीनच बेरीज दिसू लागली: लिटर, डिग्री आणि फॅट या तिन्हींच्या गुणाकाराची. ही बेरीज आमच्या कुठल्याही टेबलमध्ये साठवलेली नव्हती.

तिथून कामाला खरी दिशा मिळाली. रोजच्या लाखो ओळींवर प्रत्येक रिपोर्ट नव्यानं चालवणं परवडत नाही. म्हणून प्रत्येक संस्थेची प्रत्येक वेळेची एक सारांश-ओळ करून ठेवायची आणि महिन्याचा, रूटचा, तालुक्याचा आकडा त्या सारांशांवरून काढायचा, हा सगळीकडचा रिवाज आहे. पण सारांशात काय ठेवायचं? सरासरी ठेवली तर पुढे दोन सरासऱ्यांची सरासरी काढायचा मोह होतो, आणि कॅनचं उदाहरण वर दिलंच आहे. जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली छापलेल्या एका गाजलेल्या निबंधात गटांवरच्या क्रियांचे तीन प्रकार केले आहेत. बेरीज, मोजणी, कमाल, किमान यांचे तुकडे थेट एकत्र करता येतात. सरासरीसारख्यांसाठी ठरावीक थोड्या बेरजा हाताशी असल्या की पुरतं. मध्यकासारख्यांना मात्र अशा ठरावीक बेरजा पुरत नाहीत, मूळ ओळीच पाहाव्या लागतात. दुसऱ्या प्रकारात नेमक्या कोणत्या ‘थोड्या बेरजा’ लागतील, हे बीजगणिताचं सॉफ्टवेअर सांगू शकतं.

एसएनएफचं सूत्र डिग्री आणि फॅटवरून येतं: डिग्रीचा चौथा हिस्सा, अधिक फॅटचा ठरावीक अंश, अधिक एक स्थिरांक. हे अंश आणि स्थिरांक ठिकठिकाणी थोडे वेगळे असतात, म्हणून मी तिथेही अक्षरंच ठेवली. मग सगळे हवे असलेले आकडे ओळीच्या पातळीवर ल, फ, ड मध्ये मांडले: लिटर, किलो, किलो फॅट, किलो एसएनएफ. सिमपायला सांगितलं की या बहुपदींतली पदं वेगळी काढून दाखव. किलो एसएनएफमध्ये १ + ड/१००० या कंसाचा गुणाकार एसएनएफच्या सूत्राशी होतो, ड ला ड भेटते आणि वर्ग तयार होतो. सगळी राशी उलगडल्यावर वेगळी पदं निघाली ती पाचच: ल, ल×फ, ल×ड, ल×ड×फ आणि ल×ड×ड. सारांश-ओळीत या पाच बेरजा ठेवल्या की वरचा प्रत्येक आकडा कुठल्याही पातळीवर, कुठल्याही कालावधीसाठी, मूळ ओळींना हात न लावता मिळतो. एसएनएफच्या सूत्रातले स्थिरांक उद्या बदलले तरी बेरजा त्याच राहतात.

आधीच्या सारांश-टेबलमध्ये सरासऱ्यांचे आणि टक्क्यांचे इतके रकाने होते की स्क्रीन आडवी सरकवावी लागायची. त्यांच्या जागी पाच बेरजा आल्या. हे पाहून मला जो आनंद झाला तो अजून ताजा आहे. रकाने कमी झाले ही सोय झालीच. पण या पाच बेरजा पुरतात आणि सहावीची गरज नाही, हे आता अंदाजावर अवलंबून नव्हतं.

आता जे सरळ झालं नाही त्याबद्दल, कारण मी जास्त शिकले ते तिथेच.

ओळीवर छापलेला एसएनएफ एका दशांशापर्यंत कापलेला असतो. ८.४९ चा ८.४ होतो आणि ८.४१ चाही ८.४. उत्पादकाचा दर त्या कापलेल्या आकड्यावर ठरतो. हे कापणं सूत्रात घातलं की सिमपाय ते कंसासारखं उघडत नाही. बेरजेच्या आत ते तसंच बंद राहतं. मी वेगवेगळ्या आज्ञा देऊन पाहिल्या. पण तो नकारच योग्य होता. कापलेल्या आकड्यांची सरासरी आणि सरासरी काढून मग कापलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना जोडणारं सूत्र नाही. त्यामुळे पाच बेरजांतून निघणारा एसएनएफ हा दुधाचा एसएनएफ आहे, पगारपत्रकातला नाही, अशी सूचना मी रिपोर्टच्या शीर्षकाखालीच छापायला लावली. काहींना ती जास्तीची वाटली. मला ती अत्यावश्यक वाटते, कारण शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा कापलेल्या आकड्यावर ठरतो.

उलट काही ठिकाणी सॉफ्टवेअर फारच चटकन सरळ करून टाकतं. ल भागिले ल लिहिलं की एंटर दाबताक्षणी १. ल शून्य असेल तर काय, हा प्रश्न ते विचारत नाही. संकलनात शून्य लिटरच्या ओळी येतात. दूध नासलं म्हणून परत केलेलं, ओळ रद्द करायची म्हणून लिटर शून्य केलेले. मूळ क्वेरी अशा गटावर अडायची. काही डेटाबेस भागाकार होत नाही म्हणून थांबतात, काही रिकामा रकाना देतात. सरळ रूपातली क्वेरी मात्र तिथे बिनदिक्कत आकडा देईल. म्हणून प्रत्येक छेद उडण्याआधी त्याची नोंद करायची आणि ‘हा शून्य नसेल तर’ ही अट सरळ रूपाबरोबर लिहून ठेवायची, असा आमचा नियम आहे.

रिकाम्या रकान्यांचं तर आणखी निराळं. यंत्र बंद पडलं, फॅटची नोंद राहिली, लिटर मात्र लिहिले गेले. एसक्यूएलमधली बेरीज रिकाम्या जागा वगळते. मग बेरीज(ल×फ) मधून ती ओळ गळते पण खालच्या बेरीज(ल) मध्ये तिचे लिटर मोजले जातात, आणि गावाची सरासरी फॅट कारण नसताना खाली येते. बीजगणिताला ‘माहीत नाही’ ही किंमत ठाऊकच नाही. त्याला ती शिकवावी लागते. मी प्रत्येक ओळीला एक म दिला, नोंद असेल तर १, नसेल तर ०, आणि वर-खाली दोन्ही बेरजांत तो गुणला. लांबलचक ‘असेल तर, नाहीतर’ अटीही अशाच शून्य-एकच्या गुणाकारांत बदलता येतात आणि मग त्यांना सरळ रूप देता येतं. फक्त म चा वर्ग म्हणजे म च, हे सिमपायला आपण सांगायचं असतं, नाहीतर म चे घात वाढत जातात आणि राशी फुगते. तर्काच्या अटींतही असाच सापळा आहे. ‘फॅट ३.५ हून जास्त, किंवा फॅट ३.५ हून जास्त नाही’ याचं सरळ रूप ‘नेहमी खरं’ असं येतं. डेटाबेसमध्ये फॅटची जागा रिकामी असेल तर ती ओळ दोन्हीकडून गळते. अशी अट सरळ करून काढून टाकली की इतके दिवस बाहेर असलेल्या ओळी गुपचूप आत येतात.

विचलनाचं एक सांगून पुढे जाते. फरकांच्या वर्गांची सरासरी आणि ‘वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग’ ही बीजगणितात एकच गोष्ट आहे. दुसरं रूप सारांशासाठी सोयीचं. पण वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत साठवलेली असली तर तिचा वर्ग साधारण तीनवर अठरा शून्यं एवढा होतो, आणि संगणकाची नेहमीची दशांश संख्या पंधरा-सोळा अंकच नीट सांभाळते. दोन वेळांमधला काही सेकंदांचा फरक नेमका हरवलेल्या अंकांत असतो. वेलफर्ड यांनी १९६२ साली सुचवलेली, एकेक आकडा घेत सरासरी आणि विचलन पुढे नेण्याची रीत अशा ठिकाणी वापरायची. कागदावरचं सरळ रूप यंत्रात सगळ्यात चांगलं चालतंच असं नाही.

आता दराकडे येते, कारण या सगळ्या कामाची किंमत मला तिथे कळली.

गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला असतो. त्याच्या वर प्रत्येक पॉइंटला (म्हणजे ०.१ ला) वाढ, खाली प्रत्येक पॉइंटला कपात. काही दरपत्रकांत कपात वाढीपेक्षा मोठी असते, आणि उत्पादकांची त्याबद्दलची तक्रार जुनी आहे. संस्था उत्पादकाला त्याच्या त्याच्या फॅटवर पैसे देते. संघ संस्थेला एकत्र दुधाच्या नमुन्यावर देतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावच्या संस्थेच्या सचिवांनी, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, आमच्याकडे विचारणा केली होती. संघाकडून येणारी रक्कम उत्पादकांना वाटलेल्या रकमेपेक्षा दर पगाराला थोडी जास्त निघत होती आणि सभेत सभासद विचारू लागले होते की वरचे पैसे येतात कुठून. माप मारलं जातं, अशी कुजबुज गावात सुरू झाली होती.

“मॅडम, वही काढा, माप काढा, यंत्र काढा. सगळं तपासून झालंय,” आप्पा म्हणाले. “हिशेब बरोबर हाय. मग फरक येतोय कुठनं?”

मी दराचं सूत्र अक्षरांत मांडलं. मूळ दर द. वर जाताना पॉइंटला वाढ व, खाली येताना पॉइंटला घट घ. गटातल्या सगळ्यांचे ३.५ च्या वरचे ‘लिटर गुणिले पॉइंट’ एकत्र करून त्यांना प म्हटलं, खालच्यांना न. उत्पादकांना वाटायची एकूण रक्कम: एकूण लिटर गुणिले द, अधिक व×प, वजा घ×न. संघाकडून येणारी रक्कम सरासरीवर. प मोठा असेल तर सरासरी ३.५ च्या वर, मग वाढ लागते व×(प−न). न मोठा असेल तर कपात लागते घ×(न−प). दोन्ही रकमांची वजाबाकी सिमपायला दिली. उत्तर दोन फांद्यांत आलं. प मोठा असेल तर (घ−व)×न. न मोठा असेल तर (घ−व)×प.

मूळ दर उडाला होता. एकूण लिटर उडाले होते. सॉफ्टवेअर इथे थांबलं, पण दोन फांद्या शेजारी ठेवल्या की दिसतं की दोन्हीकडे एकच गोष्ट आहे: घट आणि वाढ यांच्यातला फरक, गुणिले प आणि न यांपैकी जो लहान असेल तो. मी पडदा आप्पांकडे वळवला आणि कल्पित आकडे घेऊन करून दाखवलं. मूळ दर ३० रुपये, वाढ पॉइंटला ३० पैसे, घट ५० पैसे. दोघं जण, प्रत्येकी १० लिटर, एकाला ३.१ लागली, एकाला ३.९. पहिल्याला २८ रुपये दर, दुसऱ्याला ३१ रुपये २० पैसे. दोघांचे मिळून ५९२ रुपये. दोघांचं दूध एकत्र केलं तर फॅट ३.५, दर ३०, वीस लिटरचे ६००. आठ रुपये वर. सूत्रानं: २० पैसे गुणिले ४० म्हणजे आठ रुपये.

आप्पांनी वहीच्या मागच्या पानावर तो हिशेब स्वतः पुन्हा केला, वेगळे लिटर घेऊन, पेन्सिलनं, सावकाश. मग एक प्रश्न विचारला आणि तो प्रश्न माझ्या मनात आला नव्हता: “समद्यांनाच साडेतीनच्या वर लागली तर?” तर न शून्य, म्हणजे फरक शून्य. त्यांनी मान हलवली. त्यांच्या संस्थेत हिवाळ्यात फरक कमी पडतो आणि उन्हाळ्यात वाढतो. उन्हाळ्यात फॅट उतरते, काही जणांची ३.५ च्या खाली जाते आणि काहींची वरच राहते, म्हणून न वाढतो, प ही शून्य होत नाही, आणि दोघांतला जो लहान तो मोठा होतो. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली, मी त्यांना नव्हे. सूत्रातली अक्षरं ओळखीची असल्यामुळेच ते इतक्या लवकर तिथे पोचले असं मला वाटतं.

सगळा फरक याच कारणानं होता असा दावा मी केला नाही. नमुना घेण्यात, आकडे कापण्यात, सांडलवंडीतही पैसे इकडचे तिकडे होतात. पण त्यांच्या ओळींवरून प आणि न काढल्यावर फरकाचा बराच मोठा भाग या एका सूत्रानं उलगडला, आणि जो उरला त्याला दर वेळी एकच दिशा नव्हती. माप मारण्याच्या कुजबुजीला तिथे उत्तर मिळालं. पुढच्या सभेत आप्पांनी तेच दोघांचं उदाहरण फळ्यावर मांडलं आणि हे पैसे दूध फरकात सभासदांना परत द्यावेत असा ठराव मांडला. तो मंजूर झाला. सॉफ्टवेअरचं काम करताना आपल्या राशीचा पैसा झालेला सहसा दिसत नाही. या वेळी दिसला.

आमच्या पगार-रिपोर्टमध्ये आता ‘सरासरीमुळे येणारा फरक’ असा एक रकाना आहे, आणि सारांश-ओळीत पाच बेरजांशेजारी प आणि न साठवले जातात. एसएनएफसाठीही तसेच दोन. फॅटची आणि एसएनएफची वाढ-कपात एकमेकांत गुंतलेली नसेल तर दोन्हींचे फरक नुसते मिळवले की झालं, हेही वजाबाकी करून पाहिलं आणि शून्य आलं. एसएनएफ अमुक आकड्याखाली गेला की एकदम मोठी कपात, अशा पायऱ्यांच्या दरपत्रकांना हे सूत्र लागू पडत नाही. तिथे फांद्या इतक्या होतात की सरळ रूपाला अर्थ राहत नाही. अशा संस्थांसाठी आम्ही सूत्र शोधत बसत नाही. दर ओळीवरच लावतो, रकमेची बेरीज सारांशात वेगळी ठेवतो आणि फरकाचा रकाना सरळ वजाबाकीनं भरतो.